दार कोण उघडणार?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांमागची काळजी एकच आहे. घरातले वृद्ध माणूस अचानक पडले, त्याच्या छातीत दुखू लागले किंवा तोंड वाकडे झाले आणि जवळचे कोणी नसले, तर यंत्रमानव आणि दूरच्या शहरातून पडद्यावर बोलणारे डॉक्टर यांच्यावर कितपत भिस्त ठेवावी? ज्येष्ठांच्या आजारांवर गेली सव्वीस वर्षे उपचार करताना मी जे पाहिले, त्याच्या आधारे पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : माझे वडील ८२ वर्षांचे आणि आई ७७ वर्षांची असून दोघेही संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावी राहतात. मी न्यू जर्सीत आणि धाकटा भाऊ बंगळुरूत असतो. घरात फिरणारा, कोणी पडल्यास ओळखणारा आणि आम्हाला व्हिडिओवर जोडून देणारा यंत्रमानव घ्यावा, असा आमचा विचार आहे. प्रसंग आलाच तर तो खरोखर कामी येईल का?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : घ्यायला हरकत नाही, परंतु तो कोणते काम करील आणि कोणते करू शकणार नाही, हे आधी नीट समजून घ्या. घरगुती वापरासाठी मिळणारा यंत्रमानव म्हणजे बहुतांशी चाकांवर चालणारा कॅमेरा, माइक आणि पडदा असतो. तो खोलीत जाऊन पाहतो, हाक मारतो, तुमचा चेहरा वडिलांना आणि वडिलांचा चेहरा तुम्हाला दाखवतो. पडलेल्या माणसाला तो उठवत नाही. माणसाला दोन्ही हातांवर उचलून खुर्चीत ठेवणारा, अस्वलाच्या चेहऱ्याचा ‘रोबेअर’ जपानच्या रिकेन संस्थेने २०१५ मध्ये तयार करून दाखवला होता, पण त्याचे वजनच १४० किलो होते आणि तो घरोघरी वापरण्याजोगा झाला नाही. तुमच्या घराची रचनाही डोळ्यांसमोर आणून पाहा. ओटीवरून माजघरात जाताना उंबरा, माजघरातून मागच्या पडवीत उतरताना दोन पायऱ्या आणि पडवीच्या टोकाला न्हाणीघर, असे कोकणातले जुने घर असेल, तर चाकांचे यंत्र पहिल्या उंबऱ्यापाशीच थांबेल. आणि म्हातारी माणसे पडतात ती बहुधा न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर किंवा रात्री लघवीला उठल्यावर त्याच पायऱ्यांवर.

तरीही पडल्याची बातमी लवकर कळण्याला फार मोल आहे. हाड मोडले नसले, तरी तासन् तास जमिनीवर पडून राहिलेल्या वृद्धाचे दबलेले स्नायू झिजतात, त्यातून सुटणारी द्रव्ये मूत्रपिंडांवर ताण आणतात, अंगातले पाणी कमी होते, पाठीला जखमा होतात. ब्रिटनमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तासाभराहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिलेल्या वृद्धांपैकी निम्मे जण पुढच्या सहा महिन्यांत दगावल्याचे आढळले होते. मग गळ्यात मदतीचे बटण अडकवून द्यावे, असे कोणालाही वाटेल. केंब्रिज येथे नव्वदी ओलांडलेल्या व्यक्तींच्या पडण्याची नोंद ठेवणारा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, हाकेची सोय असूनही एकटे असताना पडलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी ती वापरलीच नाही. मला याचे नवल वाटले नाही. ‘एवढ्यातेवढ्यासाठी मुलाला कशाला त्रास’ हे वाक्य मी तातडीच्या विभागात कितीतरी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकले आहे.

म्हणूनच बटण न दाबताही पडणे ओळखणारी साधने अधिक उपयोगी ठरतात. २०१८ पासून मनगटी घड्याळांत ही सोय आली. जोरात पडल्यानंतर माणूस साधारण मिनिटभर हलला नाही, तर घड्याळ आपणहून फोन लावते आणि घरच्यांना निरोप धाडते. अडचण एवढीच की, आंघोळीला जाताना हेच घड्याळ काढून ठेवले जाते. चित्र न घेता केवळ रेडिओलहरींनी हालचाल टिपणारे, भिंतीवर लावायचे संवेदकही निघाले आहेत. न्हाणीघरासाठी फिरत्या यंत्रमानवापेक्षा मी त्यांना पसंती देईन, कारण तेथे कॅमेरा नको असे तुमच्या आईला वाटणारच आणि तिचे ते म्हणणे मानलेच पाहिजे.

आता मला जे प्रामुख्याने सांगायचे आहे, त्याकडे येतो. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे उपचार घेणाऱ्या एकोणऐंशी वर्षांच्या एक आजी पहाटे न्हाणीघरात पडल्या. हातातले घड्याळ त्यांनी त्या दिवशी काढले नव्हते आणि त्याने आपले काम चोख बजावले. पुण्यातल्या मुलाला लगेच निरोप गेला, त्याने शेजाऱ्यांना फोन करून उठवले आणि शेजारी दहा मिनिटांच्या आत अंगणात येऊन उभे राहिले. पुढच्या दाराला आतून अडसर होता, न्हाणीघराला आतून कडी होती. दार मोडावे की नाही हे ठरवण्यात, पहार शोधण्यात आणि दोन्ही दारे उघडण्यात चाळीस मिनिटे गेली. आजी आतून सांगत होत्या, “मी बरी आहे रे, दार मोडू नका,” आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडलेले होते.

तेव्हा यंत्राची मागणी नोंदवण्यापूर्वी दार कोण उघडणार, ते ठरवा. वाडीतल्या दोन घरांत किल्ली असावी, एकाच घरात नव्हे, कारण ते घर नेमके लग्नाला गेलेले असू शकते. अडसर काढून बाहेरूनही किल्लीने उघडेल असे कुलूप बसवावे, आणि न्हाणीघराच्या आतल्या कडीऐवजी बाहेरून नाण्याने किंवा पेचकसाने फिरवता येणारा खटका लावावा. चालू औषधांचा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवावा. पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. यंत्राला इन्व्हर्टरची जोड आणि दुसऱ्या कंपनीचे सिम नसेल, तर जुलै महिन्यात ते शोभेपुरतेच उरेल.

आणखी एक गोष्ट परदेशस्थ मुलांच्या सहसा लक्षात येत नाही. न्यू जर्सीहून १०८ फिरवल्यास महाराष्ट्रातली रुग्णवाहिका मिळत नाही, आणि तुमच्या भावाने बंगळुरूतून तोच क्रमांक लावला, तर तो कर्नाटकाच्या केंद्रात लागेल. राज्यात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो आणि ती विनामूल्य आहे, परंतु तिला बोलावण्याचा फोन गावातूनच जायला हवा. तो कोण करील, त्या माणसाचे नाव आजच ठरवा, त्याच्याशी स्वतः बोला, आणि तुमच्याकडे मध्यरात्र असली तरी त्याचा फोन उचलला जाईल अशी व्यवस्था ठेवा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये देशभर सुरू केलेली १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन माहिती, कायदेशीर सल्ला आणि मानसिक आधारासाठी चांगली आहे. ती रुग्णवाहिकेची सेवा नाही.

प्रश्न : माझ्या पतींना (वय ७४) मागील वर्षी हात लुळा पडल्याचा त्रास झाला आणि तो अर्ध्या तासात आपोआप बरा झाला. आम्ही मेहकरला राहतो. मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचे तर कित्येक तास मोडतात. मोठ्या रुग्णालयांतील डॉक्टर आता यंत्रमानवाच्या साह्याने दुसऱ्या गावातील रुग्णाला तपासतात, असे वाचनात आले. अशी तपासणी विश्वासार्ह असते का?
(निवृत्त शिक्षिका, मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : बाई, दुरून उपचार करण्याची पद्धत सर्वांत भक्कमपणे रुजली आहे ती नेमकी याच आजारात, आणि त्याला कारण आहे. पक्षाघाताची पहिली तपासणी पाहण्याची आणि ऐकण्याची असते. दोन्ही हात समोर धरा, हसून दाखवा, ही वस्तू कोणती ते सांगा, डोळे इकडून तिकडे फिरवा, या सूचनांना रुग्ण कसा प्रतिसाद देतो, हे चांगल्या कॅमेऱ्यातून तज्ज्ञाला जवळजवळ समोर बसल्यासारखे दिसते; हाताला टोचून पाहण्यासारखे थोडेसे काम तेवढे रुग्णाजवळच्या परिचारिकेने करायचे असते. अमेरिकेत या कामासाठी माणसाच्या उंचीचा, डोक्याच्या जागी पडदा असलेला आणि वॉर्डात स्वतः वाट काढत जाणारा ‘आरपी-व्हीटा’ नावाचा यंत्रमानव आला आणि २०१३ मध्ये त्याला तेथील औषध प्रशासनाची परवानगी मिळाली.

पण तो यंत्रमानव आपल्याकडे नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. हिमाचल प्रदेश सरकारने २०१४ मध्ये सीटी स्कॅनची सोय असलेल्या आपल्या रुग्णालयांतील डॉक्टरांना शिकवून तयार केले. त्यांनी रुग्णाची लक्षणे आणि स्कॅनची चित्रे साध्या स्मार्टफोनवरून मेंदूविकारतज्ज्ञांना पाठवायची, आणि तज्ज्ञाच्या सल्ल्याने गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथेच द्यायचे, अशी ती योजना होती. डोंगराळ मुलखात, जेथे तज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके, तेथे हे झाले. जर्मनीतील होम्बुर्ग येथे २००८ पासून याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले: सीटी स्कॅनचे यंत्र रुग्णवाहिकेतच बसवून ती रुग्णाच्या दाराशी नेण्यात आली. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आसामातील दिब्रुगढ भागात, चहाच्या मळ्यांच्या प्रदेशात, अशीच गाडी चालवली. गाडीत स्कॅन होतो, दूरचा तज्ज्ञ तो पाहतो आणि इंजेक्शन गाडीतच देता येते. आपल्या विदर्भ-मराठवाड्याला अशा गाड्यांची गरज आहे, असे माझे ठाम मत आहे. पडद्याचा महागडा यंत्रमानव एखाद्या शहरी रुग्णालयाच्या दर्शनी भागात उभा करण्यापेक्षा तो पैसा तिकडे गेलेला मला आवडेल.

तज्ज्ञ कितीही निष्णात असला, तरी एक गोष्ट त्याला पडद्यावरून कळू शकत नाही. तोंड वाकडे होण्यामागे मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे सीटी स्कॅनशिवाय सांगता येत नाही, आणि फुटलेल्या वाहिनीवर गुठळीचे इंजेक्शन दिले तर ते जिवावर बेतते. हे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी वाहिनी तुंबलेल्या काही निवडक रुग्णांत तारेने गुठळी काढण्याची मुदत २४ तासांपर्यंत वाढली आहे, परंतु त्या भरवशावर थांबू नये. उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात.

तेव्हा तुम्ही या आठवड्यात एक काम करा. तुमच्यापासून जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्रीही सीटी स्कॅन सुरू असतो, हे इंजेक्शन तेथे ठेवलेले असते का आणि ते डॉक्टर तज्ज्ञांशी व्हिडिओवर बोलतात का, हे तीन प्रश्न तेथे जाऊन विचारा आणि उत्तरे वहीत लिहून ठेवा. प्रसंग आला, तर आधी येथे दाखवू, मग तेथे नेऊ, असे न करता थेट त्याच ठिकाणी न्या. दूरचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारील तो असा : “हे शेवटचे धडधाकट कधी होते?” झोपेतून उठताना हात लुळा दिसला, तर उठण्याची वेळ सांगू नका, रात्री झोपायला जाताना ते ठीक होते का आणि किती वाजले होते, ते सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते पाकीटच हातात धरून दाखवा. वाटेत पाणी, चहा, ॲस्पिरिन किंवा रक्तदाबाची जादा गोळी देऊ नका. आणि मागील वर्षीचा तो अर्धा तास ‘आपोआप बरा झाला’ म्हणून सोडून दिला असेल, तर त्याची तपासणी अजूनही करून घ्या. तो पक्षाघाताचा इशारा होता.

प्रश्न : गुजरातमध्ये एका डॉक्टरांनी दूरच्या ठिकाणी बसून यंत्रमानवाकडून अँजिओप्लास्टी केल्याचे काही वर्षांपूर्वी वाचले होते. वृद्धांना हृदयविकाराचा झटका आल्यास तालुक्याच्या ठिकाणी असा उपचार कधी मिळेल?
(एक वाचक, कळवण, जि. नाशिक)

उत्तर : तुम्ही वाचले ते खरे आहे. डिसेंबर २०१८ मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिराच्या परिसरात बसून सुमारे ३२ किलोमीटर अंतरावरील अहमदाबादच्या रुग्णालयात यंत्राद्वारे अँजिओप्लास्टी केली, आणि अशा पाच रुग्णांचा अहवाल पुढे प्रसिद्ध झाला. मात्र ते रुग्ण ठरवून निवडलेले होते, ऐन झटक्यात आलेले नव्हते. धमनीत नळी घालण्याचे काम रुग्णाजवळच्या डॉक्टरांनी केले होते, आणि काही बिघडलेच तर हाती घ्यायला सगळा चमू तयार होता. म्हणजे यंत्र चालवणारा दूर असला, तरी कॅथलॅब (धमनीत नळी घालून उपचार करण्याची सुसज्ज खोली), परिचारिका आणि एक जाणकार डॉक्टर रुग्णापाशी लागतोच. त्या यंत्राच्या कंपनीने हृदयासाठीचा हा व्यवसाय २०२३ मध्ये बंद केला. कळवणला तो नजीकच्या काळात येईल, असे मी तुम्हाला सांगणार नाही.

तुमच्या उपयोगाची गोष्ट याहून साधी आहे. ग्रामीण रुग्णालयात पोचल्यावर दहा मिनिटांत काढलेला ईसीजी शहरातील हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवता येतो, त्याच्या सल्ल्याने गुठळीचे इंजेक्शन तेथेच देता येते आणि मग रुग्णाला अँजिओप्लास्टीसाठी पुढे हलवता येते. वृद्धांच्या बाबतीत दूरच्या तज्ज्ञाचा हा शब्द विशेष मोलाचा असतो. पंचाहत्तरीच्या पुढे मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढत असल्याने गुठळी विरघळवणाऱ्या टेनेक्टेप्लेज या औषधाची मात्रा निम्मी करावी लागते, आणि रात्री दोन वाजता एकट्याने हा निर्णय घेणाऱ्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याला फोनवर कोणी तरी अनुभवी माणूस असणे, हे रुग्णाइतकेच त्यालाही हवे असते. तुम्ही एवढे लक्षात ठेवा की, वृद्धांना, त्यातही मधुमेह असलेल्यांना, झटका येताना छातीत दुखेलच असे नाही. अचानक दम लागणे, घाम फुटणे, गळून जाणे किंवा असंबद्ध बोलणे एवढेच लक्षण असू शकते. तेव्हाही ईसीजी काढून घ्यावा.

प्रश्न : आमच्या गृहसंकुलात साठीपुढील सव्वाशे रहिवासी आहेत. वर्गणी काढून तातडीच्या मदतीसाठी एखादे आधुनिक यंत्र घ्यावे, असे समितीत ठरत आहे. ड्रोनने उपकरणे आणण्याविषयीही कोणी सुचवले. आपले मत कळवावे.
(सचिव, एक गृहनिर्माण संस्था, ठाणे)

उत्तर : स्वीडनमधील ट्रोलहेटन गावात ९ डिसेंबर २०२१ रोजी घरासमोरचा बर्फ उपसताना ७१ वर्षांच्या एका गृहस्थांचे हृदय थांबले. तातडीच्या क्रमांकावर फोन जाताच हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र घेऊन एक ड्रोन तीन मिनिटांच्या आसपास तेथे पोचला, आणि ते गृहस्थ वाचले. ही घटना नेहमी ड्रोनची गोष्ट म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात त्याच वेळी कामावर निघालेले एक डॉक्टर रस्त्याने जात होते. त्यांनी गाडी थांबवून छाती दाबायला घेतली आणि ड्रोनमधले यंत्र त्यांच्याच हातांनी लावले गेले.

तुमच्याकडे तर यंत्र उडत येण्याची गरजच नाही, ते तळमजल्यावर भिंतीला टांगता येईल. झटका देणारे असे एक यंत्र घ्या, त्याच्या पेटीला कुलूप लावू नका, आणि उरलेल्या वर्गणीतून छाती दाबण्याचे प्रशिक्षण ठेवा. हृदय थांबल्यावर झटका न मिळता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला, कोणी छाती दाबत नसेल, तर जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते; मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचे, एवढे कोणालाही शिकता येते. पहिल्या तुकडीत रात्रपाळीच्या वॉचमनना बसवा. पहाटे तीन वाजता संकुलात जागे तेच असतात, आणि लिफ्ट खाली धरून ठेवणे व रुग्णवाहिकेला बरोबर विंगकडे नेणे, हेही त्यांच्याच हाती असते.

प्रश्न : माझ्या ८६ वर्षांच्या आईला श्वासाच्या त्रासासाठी रात्री रुग्णालयात नेले असता तज्ज्ञ डॉक्टर पडद्यावरून बोलले. आई घाबरली, भलतीच उत्तरे देऊ लागली आणि तिला स्मृतिभ्रंश असावा, अशी नोंद झाली. घरी ती व्यवस्थित असते. पुन्हा अशी वेळ आली, तर आम्ही काय करावे?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तुमच्या आईला स्मृतिभ्रंश नसण्याचीच शक्यता मला अधिक वाटते. आजारपण, अनोळखी जागा, रात्रीची वेळ आणि कमी झालेला प्राणवायू यांमुळे वृद्धांना तात्पुरता भ्रम होतो आणि मूळ आजार आटोक्यात आला की तो बहुधा ओसरतो. त्यात पडद्यावरचा माणूस लहान दिसतो, त्याचा आवाज यंत्रातून येतो आणि ओठ व आवाज यांचा मेळ बसत नाही. ज्यांना कमी ऐकू येते, ते ओठांकडे पाहूनच निम्मे समजून घेत असतात, त्यांचा हा आधार येथे तुटतो. पुढच्या भेटीत, आई बरी असताना, स्मरणशक्तीची तपासणी पुन्हा करून ती नोंद दुरुस्त करून घ्या, कारण पुढचा प्रत्येक डॉक्टर तीच वाचून सुरुवात करील.

पडद्यावरच्या डॉक्टरांना तुम्ही निःसंकोच सांगू शकता की, आईला ऐकू कमी येते, हळू आणि मराठीत बोला, एका वेळी एकच प्रश्न विचारा. प्रश्न तुम्ही तिच्या कानाशी पुन्हा सांगा, पण उत्तर तिचे तिला देऊ द्या. प्रत्यक्ष तपासणीचा आग्रह धरणे, हा दूरच्या डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे. मार्च २०२० मध्ये केंद्राने जारी केलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांतही तातडीच्या प्रसंगी पडद्यावरचा सल्ला प्रथमोपचार आणि जीव वाचवण्याच्या उपायांपुरता ठेवून रुग्णाची लवकरात लवकर समक्ष तपासणी व्हावी, असेच म्हटले आहे. घाईघाईने निघताना कागदपत्रांची फाइल सगळे जण घेतात. तुम्ही तिच्याबरोबर आईचा चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र एका डबीत घालून दाराजवळच्या खुंटीला पिशवीत अडकवून ठेवा, आणि कानाच्या यंत्राचे नवे सेल त्याच डबीत असू द्या.